साबणाची लाल वडी

परवा आमच्या जाऊबाईंच्या धाकट्या सुनेने बाजारातून विलायती साबणाची वडी आणवली. गुलाबी कागद, वर कुणा मडमेचं चित्र. वडी न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवली गेली, आणि ज्या जाऊबाईंनी एके काळी माझ्या हातचं पाणी सोडलं होतं, त्याच आता पदराला हात पुसत म्हणाल्या, "वास मोठा गोड आहे हो!" माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! हातातलं भांडं आपटून मी माजघरात निघून आले. सुनेला वाटलं असेल, म्हातारीला नव्याचा तिटकारा आहे. तिला काय ठाऊक, या म्हातारीने ठाण्यास असताना याहून चांगला साबण स्वतः रटारटा शिजवलाय आणि स्वतःच्या हातांनी कापलाय. आमच्या घराची राखरांगोळी झाली ती त्यातच.

आमचे हे ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्याचं, साहेबाची मर्जी, सगळं ठीक चाललं होतं. मग एकदा मुंबईहून येताना यांनी विलायती साबण आणला. आमच्या आळीतली विहीर खाडीच्या अंगाला, पाणी मचूळ. त्या पाण्यात तो साबण काही फेसाळेना. नासलेल्या दुधासारखे पांढरे कण नुसते अंगाला चिकटून राहिले. दुसऱ्या कुणी तो मेला साबण उचलून फेकून दिला असता. हे मात्र ती वडी हातात घेऊन विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

मग कुठूनसं एक इंग्रजी पुस्तक पैदा झालं. त्यात यांना सापडलं की खोबरेल तेलाचा साबण खाऱ्या पाण्यातसुद्धा फेसाळतो, जहाजावरचे खलाशी तोच वापरतात. झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. "अगं, नारळ आपल्याकडे, खारं पाणी आपल्याकडे, अंगाला मळही आपल्याच, आणि साबण तेवढा विलायतेहून यायचा?" असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. ते हसू मला आवडायचं, हे कबूल करते. कचेरीत दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या माणसाचं ते हसू नव्हतं. यांनी नोकरी सोडली तेव्हा मी दोन दिवस रडले, आणि तिसऱ्या दिवशी तेल मोजायला बसले. दुसरं काय करणार?

पहिल्यांदा मागच्या पडवीतच कढई चढवली. आळीने नाकाला पदर लावला. मग नौपाड्यात भाताच्या खाचरांना लागून एक जुनी गोठ्याची पडवी मिळाली, तिथे भट्टी बांधली. तेव्हा नौपाड्यात होतंच काय? शेतं, बांध आणि बेडूक. पापडखार आणि कळीचा चुना पाण्यात कालवायचा, वरची निवळी गाळून घ्यायची, ती तापल्या तेलात सोडायची आणि ढवळत बसायचं. ती निवळी अंगावर उडाली की कातडं सोलून निघे. ती पुरेशी कडक झाली की नाही हे बघायला तिच्यात कोंबडीचं अंडं सोडावं, तरंगलं की झाली, असं त्या पुस्तकात लिहिलेलं. आमच्या घरात अंडं! यांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग बटाटा सोडून पाहिला. बटाटा तरंगला. त्या दिवशी हे बटाटा हातात घेऊन खाचराच्या बांधावरून धावत घरी आले होते.

ढवळायला माजिवड्याकडची एक आगरीण येत असे. नवरा मिठागरात, ही आमच्या भट्टीवर. बोलायला फटकळ, पण माझ्यावर जीव. ढवळून खांदे भरून आले की मला म्हणायची, "वैनीबाय, तुजा घरवाला बरा हाय गो, पन याचं डोसकं नाय बरा." मी म्हणायची, तोंड सांभाळ. मनातून मलाही तेच वाटत असे.

काय काय केलं नाही आम्ही ती भट्टी जिवंत ठेवायला! लाकडं परवडेनाशी झाली तर कल्याणहून यांच्या थोरल्या भावाच्या, आमच्या भावोजींच्या, भाताच्या वखारीतला कोंडा होडीने आणवला आणि तोच जाळला. साचे करायला सुताराने नाही म्हटलं, तर घरातले पाट उभे करून त्यांची पेटी केली, त्यात साबण ओतला, आणि आम्ही जमिनीवर जेवायला बसलो. थिजलेली लादी कापायला सुरी चालेना, तर यांनी आपल्या तंबोऱ्याची तार काढली. तंबोरा यांच्या वडिलांचा. मी म्हटलं, "अहो, निदान तो तरी!" तर म्हणाले, "तो वाजत होता तेव्हा कोण ऐकत होतं?" पावसाळ्यात वड्यांना घाम सुटायचा, त्या चुलीवरच्या माळ्यावर पसरून मी रोज उलटवायची. पापडखार मिळेनासा झाला तेव्हा केळीच्या सोपटांची राख भिजवून खार काढला. त्याचा साबण घट्टच होईना, नुसता लापशीसारखा. मग तो मडक्यात भरून परटाला दिला, त्याला आवडला. एकेक नड निघे, आणि हे तिच्यातून वाट काढत. माझी तर मधल्यामधे चाळण होत होती. हात सोलवटलेले, केसांना तेलकट वास, आणि बायकांत गेलं की सगळ्या सरकून बसायच्या.

पण साबण झाला हो! आमच्या मचूळ विहिरीच्या पाण्यात तो दह्याच्या साईसारखा फेसाळला. कचेरीतले जुने सोबती, एकदोन वकील, गुपचूप घेऊन जाऊ लागले. बायकांना कळू न देता, उपरण्यात लपवून नेत. तेवढ्यावर भट्टी पेटती राहत होती. रडतखडत, पण पेटती.

इथे यांनी घाण केली. मी दुसरा शब्द वापरणार नाही. यांच्या मनाने घेतलं की लोक साबण लपवून नेतात ते का, तर तो सोवळ्यात चालत नाही म्हणून. मग आपण उघड सांगून टाकू, की आपला चालतो. शिळाछापावर कागद छापून आणले आणि प्रत्येक वडीला गुंडाळले. त्यावर ठळक अक्षरांत होतं: 'या साबणात कोणत्याही जनावराची चरबी नाही.' मला वाचून दाखवलं. मी विचारलं, "म्हणजे साबणात चरबी असते?"

"विलायतीत असते ना! म्हणून तर..."

"मला नव्हतं ठाऊक," मी म्हटलं.

मलाच नव्हे, अख्ख्या ठाण्यात कुणाला ठाऊक नव्हतं. साबण म्हणजे काहीतरी साहेबी थेर, एवढंच लोकांना माहीत. तो कागद वाचला आणि सगळ्यांना एकदम कळलं की साबणात चरबी असते. मग यांच्या साबणात नाही हे कशावरून? ज्याच्या मनात पाप नाही तो असं छापून कशाला सांगेल, असं लोक म्हणू लागले. वकिलांच्या बायकांनी कोनाडे शोधून वड्या काढल्या आणि उकिरड्यावर फेकल्या. आमच्या ओटीवर कुणी चढेना. हे दारोदार जाऊन समजावत, आणि जितकं समजावत तितके लोक मागे सरत. मी म्हणे, पुरे करा, गप्प राहा. हे गप्प राहणारे नव्हतेच.

थोरले भावोजी कल्याणहून आगगाडीने आले. आमच्या घरचे कर्ते तेच. ओटीवर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघ. तोवर ही भट्टी आपल्या पायावर उभी राहिली तर राहिली. नाहीतर विझव आणि कल्याणास येऊन वखारीवर बस. मी आता कोंडाही पाठवायचा नाही." आमच्या यांनी मान हलवली. मी दाराआडून बघत होते. यांचा चेहरा असा पडला होता की मला भावोजींचाही राग आला आणि यांचाही. वखारीवर बसले की हा माणूस उरणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. आपण याला काही वखारीवर बसू द्यायचं नाही, एवढं मी मनाशी धरलं.

नवरात्र उलटलं तशा आळीतल्या बायका दिवाळीचं उटणं कांडायला लागल्या. मी माळ्यावर पडून राहिलेल्या त्या वड्यांकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात आलं. साबण किसला. त्यात नागरमोथा, कचोरा, वाळा, गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, सगळं वस्त्रगाळ करून घातलं. बायका खोटं बोलतेस म्हणायला नकोत म्हणून चिमूटभर रिठाही घातला. शेवटी आंबेहळद घातली, आणि काय सांगू, तो गोळा माझ्या डोळ्यांदेखत लालभडक झाला! माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, नासलं सगळं. यांना हाक मारली तर हे म्हणाले, "खाराने होतं तसं." आणि मला हसूच फुटलं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्या बाईला सांगायला हवं? मी तो गोळा मळला, पेढ्याच्या लाकडी साच्यात दाबला, वर कमळ उठलं. कुंकवाच्या रंगाची, कमळाची, सुवासिक वडी. तिला साबण म्हणायला कुणाची जीभ रेटली असती?

"उटण्याची वडी म्हणायचं," मी यांना सांगितलं.

"पण हा साबण आहे."

"दिवाळी होईपर्यंत उटणं आहे. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"अगं, मी साबण करायला निघालो होतो. उटणी कांडायला नव्हे."

"भट्टी हवी की नाव हवं?" मी ओरडलेच. हे म्हणाले, बरं, दिवाळीपर्यंत. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले. मी देवापुढे साखर ठेवली.

पहिली वडी मी समोरच्या काकूंना दिली. काकू म्हणजे आळीचा शब्द. त्यांनी हो म्हटलं की सगळ्यांनी म्हटलं. त्यांच्या लेकीचा पहिला दिवाळसण होता, पनवेलहून जावई आणि विहीणबाई यायच्या होत्या. काकूंनी वडी नाकाला लावली, रंग पाहिला. "अगोबाई, हे कसं केलंस गं?" मी म्हटलं, "आमच्या माहेरची रीत. रिठा आहे, फेस येईल हो." एक दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागल्या दारी बायकांची रीघ लागली. ज्या माझ्यापासून सरकून बसत त्याच! कुणाला लेकीकडे पाठवायची होती, कुणाला नणंदेला ओटीत घालायची होती. आगरीण आणि मी ढवळून ढवळून थकलो, पण ती म्हणाली, "ढवल गो, आता थांबू नको." किती दिवसांनी मी अंगणात गुणगुणत होते. यांचा मात्र चेहरा दगडासारखा. बायका आल्या की हे भट्टीवर निघून जात. मला त्याची चीड येई. आपलं घर वाचतंय आणि याला नावाचं पडलंय!

नरकचतुर्दशीला आळीत घरोघर अभ्यंग झालं आणि सगळीकडे माझ्या वडीचा वास सुटला. मी उंबऱ्यात उभी राहून तो वास घेत होते. त्या दिवशीचा फराळ आमच्याकडे ठेवला होता. कल्याणहून भावोजी आणि जाऊबाई आल्या. समोरचे काका, त्यांचे जावई, आणखी चार घरचे पुरुष ओटीवर बसले. बायका माजघरात. विहीणबाई पनवेलच्या, कडक सोवळ्याच्या, पण त्यांनी आपण होऊन मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "जाताना मला चार वड्या दे हो. आमच्याकडे असं कुणाला जमत नाही." काकूंचा चेहरा कौतुकाने नुसता फुलला होता.

ओटीवर भावोजी बोलत होते, ते मला दाराआडून स्पष्ट ऐकू आलं. "चालव बाबा भट्टी. तुझ्या बायकोनं राखली हो तुझी. कोंडा मी पुढच्या होडीनं पाठवतो." देवा! डोळे पुसायला पदर घेतला. वाटलं, सुटलो. वाटलं, आता हा माणूस मला परत मिळाला.

आणि त्या काकूंच्या जावयाला दुर्बुद्धी सुचली. पोरगा साधाच होता. तो म्हणाला, "ती वडी कशाची असते हो? उटण्याला एवढा फेस मी कधी पाहिला नाही."

मी आतून बांगड्या वाजवल्या. जोराने वाजवल्या. यांनी ऐकल्या, हे मला माहीत आहे, कारण यांनी दाराकडे पाहिलं. यांच्या तोंडावर तेच जुनं हसू होतं, बटाटा घेऊन धावत आले होते तेव्हाचं. हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "उटणं नाहीच ते. साबण आहे! शुद्ध खोबरेलाचा साबण! आज तुम्ही सगळ्यांनी साबणानं आंघोळ केलीत. झालं काही? बाटलात? अहो, बघा, काहीही झालं नाही!"

यांना वाटलं होतं लोक हसतील. खरंच तसं वाटलं होतं हो यांना. वाटलं, काका पाठीवर थाप मारतील, म्हणतील, वा रे वा, जिंकलास. हा माणूस सगळ्या जगाला आपल्यासारखं समजत असे.

काकांनी फराळाचं ताट बाजूला सारलं. म्हणाले, "म्हणजे आम्हांला फसवलंत."

"नाही नाही, चरबी नाही त्यात! मी छापलं होतं की..."

चरबी हा शब्द कानावर पडताच जावई उठला आणि अंगणात जाऊन चूळ भरू लागला. माजघरात विहीणबाईंनी हातातली करंजी ताटात ठेवली आणि दोन्ही हात असे लांब धरले की जणू ते त्यांचे नव्हतेच. काकू माझ्यासमोर आल्या. "तू गं? तूच दिलीस ना माझ्या हातात? रिठा म्हणालीस."

"रिठाही आहे हो काकू. तेलही तेच, तुम्ही आमटीला घालता ते..."

"माझ्या लेकीच्या पहिल्या दिवाळीला," काकू म्हणाल्या.

भावोजींनी पगडी चढवली. यांच्याकडे न बघताच म्हणाले, "भट्टी विझव." जाऊबाईंना हाक मारली आणि दोघं स्टेशनाकडे चालू लागली. फराळाची ताटं होती तशीच राहिली. मी ती एकेक करून गोठ्यात नेऊन रिती केली. हे ओटीवर उभेच होते. मला म्हणाले, "दिवाळी आली होती ना? मी शब्द मोडला नाही." मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच सांगते, मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्हींतलं काहीच केलं नाही.

पुढचं सांगायलाही जीव होत नाही. आळीने प्रायश्चित्तं घेतली, पंचगव्य घेतलं. विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलून बाजूला होत. काकूंच्या लेकीला सासरच्यांनी कितीतरी महिने नेलं नाही. त्या पोरीचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण माझं चुकलं असं मी आजही म्हणायची नाही. त्या वडीत वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते त्यांच्या डोक्यात, आणि आमच्या यांच्या डोक्यात त्याच्याही वरताण एक वेड होतं, की खरं सांगितलं की माणसं ऐकतात.

आम्हीही प्रायश्चित्त घ्यावं, याला हे आधी तयार नव्हते. पण जाऊबाईंनी निरोप पाठवला की त्याशिवाय घरात घेणार नाही, माझ्या हातचं पाणी चालणार नाही. मग घेतलं. भट्टीवर पाणी ओतायला मी गेले होते. हे आले नाहीत. कढई एका माणसाने भात उकडायला नेली. आगरीण हुंदके देऊन रडली, आणि उरलेला साबण पाटीत भरून घेऊन गेली. म्हणाली, "आमाला काय बाटायचं हाय गो?" तिची पोरंबाळं त्या साबणाने न्हाली असतील, हाच एक माझा आनंद. लाल वड्यांतली एक मी केळीच्या सुक्या पानात गुंडाळून माझ्या पेटीत लुगड्यांखाली ठेवली.

कल्याणास आलो. हे वखारीवर बसू लागले. पोती आली, पोती गेली. भावोजी वाईट माणूस नव्हते, टोचून कधी बोलले नाहीत. पण आमचे हे मुके झाले. मी मुद्दाम भांडण काढत असे, मागचं उकरून काढत असे, शिव्यासुद्धा दिल्या. वाटे, एकदा तरी उसळून उठतील. "हो, हो," म्हणायचे आणि जेवणाचं पान पुढे घ्यायचे. कुणी विचारलं ठाण्यास काय करत होता, तर म्हणत, "कचेरीत होतो." बस्स. मधली सगळी वर्षं जणू यांच्या आयुष्यात आलीच नाहीत. मला वाटे, यांनी भट्टीसाठी वेड्यासारखं करावं, पुन्हा एखादी कढई मागावी, मी आनंदाने सोलवटून घेईन. काही नाही. ज्याच्यातलं कुणीतरी मरून गेलंय अशा जिवंत माणसाला रोज समोर जेवायला वाढायचं, हे माझ्या वाट्याला आलं.

वर्षाने पुन्हा दिवाळी आली. पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावायचं. न्हाणीत हे पाटावर बसले. तेल लावून झालं. मी पेटीतून ती वडी काढून आणली होती. रंग अजून तसाच होता, कमळाच्या पाकळ्या थोड्या झिजल्या होत्या. मी काही न बोलता ती यांच्या पाठीला लावली. कल्याणच्या विहिरीचं पाणी गोडं, फेस कसा नुसता मावेना. सगळ्या न्हाणीत तो वास भरला. यांनी मान जराशी वर केली. मला वाटलं, आता ओळखलं.

"उटणं छान आहे," हे म्हणाले.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, उटणं छान आहे. घरचं का?"

यांनी ओळखलं होतं. यांचा खांदा माझ्या हाताखाली थरथरत होता, मला कळत होतं. आणि माझा बांध फुटला. "उटणं? साबण आहे तो! तुमचा साबण आहे! तुम्ही केलेला! साबण म्हणा ना! एकदा तरी म्हणा, साबण आहे म्हणून!"

यांनी ओल्या हाताने माझं मनगट धरलं आणि घाबरून दाराकडे पाहिलं.

"हळू बोल गं," हे म्हणाले. "वहिनी ऐकतील."

आणि तांब्यामागून तांब्या ओतून यांनी अंगावरचा सगळा फेस घाईघाईने धुऊन टाकला.